शंभर वर्षांची लाट आणि जुना प्लॅटफॉर्म : समुद्रातल्या जॅकेटची ताकद कशी तपासायची

मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर, ७५-८० मीटर खोल पाण्यात मुंबई हायचे प्लॅटफॉर्म उभे आहेत. १९७४ साली 'सागर सम्राट' या तेलखोदाई रिगने इथे तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि पाहता पाहता भर समुद्रात पोलादी सांगाड्यांचं एक गाव वसलं. त्यातले जुने सांगाडे २५ वर्षांच्या आयुष्याचा हिशेब करून बांधलेले. आज चाळिशी ओलांडूनही ते कामावर आहेत आणि त्यांच्यावर माणसं चढतात-उतरतात. म्हणून प्रश्न सतत समोर येतो : हा सांगाडा मोठ्या वादळात टिकेल का?

या क्षेत्रात नव्याने उतरलेल्या मराठी इंजिनिअरांसाठी हा लेख आहे. उदाहरणाला आपण एकच प्लॅटफॉर्म धरू : ७५ मीटर पाण्यातला, चार पायांचा, विहिरींवरचा साधा जॅकेट, म्हणजे वरचा मजला (डेक) पेलणारा नळ्यांचा सांगाडा. उदाहरणातले आकडे हिशेब समजावा म्हणून मी घेतले आहेत, ते कुठल्याही खऱ्या प्लॅटफॉर्मचे नाहीत. काम करताना नियमपुस्तक हाताशी हवंच. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं (एपीआय) आरपी २ए, जुन्या सांगाड्यांसाठी एपीआय आरपी २सिम, आणि आयएसओ १९९०२. पण पुस्तक किंवा सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक मोजमाप करायचं असतं.

सुरुवात डेकच्या उंचीपासून

लाटेचा माथा डेकला लागतो की नाही, हा या सगळ्या तपासणीतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. जॅकेट म्हणजे नळ्यांची जाळी, पाणी तिच्यातून आरपार जातं. डेक म्हणजे भिंत. माथा डेकच्या खालून गेला तर सांगाडा हलतो, कुरकुरतो आणि उभा राहतो. डेकवर आदळला तर सगळी गणितं बदलतात.

हिशेब सोपा आहे. सरासरी समुद्रपातळीवर उधाणाची भरती मिळवा, त्यावर वादळाने चढणारं पाणी आणि त्यावर लाटेचा माथा. आपल्या उदाहरणात भरती २ मीटर, वादळाची चढ ०.६ मीटर, माथा ८.६ मीटर. बेरीज ११.२ मीटर. एपीआय वर आणखी किमान १.५ मीटर मोकळी जागा मागतं, यालाच एअर गॅप म्हणतात. म्हणजे डेकच्या सर्वांत खालच्या बीमचा तळ १२.७ मीटरवर हवा. ड्रॉइंगवर लिहिलंय १३ मीटर. झालं काम?

नाही. आधी ते १३ मीटर कशापासून मोजलेत ते बघा. जुन्या ड्रॉइंगवर बऱ्याचदा चार्ट डेटमपासूनची उंची असते, म्हणजे जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीच्या पाण्यापासूनची. लाटेचा हिशेब मात्र सरासरी पातळीपासून केलेला असतो. मुंबई बंदरात या दोन पातळ्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. उदाहरणात दोन मीटर धरू. तेवढ्याने १३ मीटरचे ११ झाले, आणि ज्या डेकखाली पावणेदोन मीटर मोकळी जागा दिसत होती त्याच्या बीममध्ये माथा २० सेंटिमीटर शिरतोय. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या एका बारीक ओळीने एवढा फरक पडतो. म्हणून मी कुणालाही सांगतो : ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका, सर्व्हेअर पाठवा आणि उंची आज मोजून घ्या.

'आज' म्हणण्याला कारण आहे. तेल-वायू उपसल्यावर खालचा खडक दबतो आणि समुद्रतळ खचू शकतो. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात १९८४ मध्ये असं खचणं लक्षात आलं. १९८७ मध्ये तिथले डेक जॅक लावून तब्बल ६ मीटर उचलावे लागले, तेही सांगाडे समुद्रात उभे असताना.

पोलाद आज कसं आहे?

मॉडेल ड्रॉइंगवरून बनतं, पण लाटेला तोंड देतो तो आजचा सांगाडा. पाणबुडे किंवा आरओव्ही (दुरून चालवायचं पाण्याखालचं यंत्र) पाठवून निदान एवढं तरी हाती घ्या : जोडांवरच्या वेल्डची चुंबकीय तपासणी, नळ्यांची जाडी, पुरवठा बोटींनी पाडलेल्या पोचांची खोली, पायांभोवती वाळू किती वाहून गेली त्याचं माप, आणि गंजरोधक अॅनोड किती उरलेत. पोलादाचं विद्युत विभव सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून खाली असेल तर गंजापासून संरक्षण चालू आहे असं समजतात. जॅकेटच्या आडव्या-तिरप्या नळ्या, म्हणजे ब्रेस, हवाबंद असतात. एखाद्या ब्रेसमध्ये पाणी भरलेलं सापडलं तर कुठेतरी आरपार भेग आहे. ही तपासणी स्वस्त आहे आणि लवकर होते. तिच्यात एक जरी ब्रेस भरलेला निघाला तरी बाकीचं काम थांबवून आधी ती भेग शोधा.

आता ज्या गोष्टीकडे नवे लोक हमखास दुर्लक्ष करतात ती : कालवं, बार्नकल आणि शेवाळ. अरबी समुद्राचं पाणी उबदार. नळीवर हे सगळं झपाट्याने चढतं, आणि वरच्या २०-३० मीटरमध्ये, जिथे लाटेचा जोर सर्वाधिक असतो, तिथेच दाट चढतं. ४० सेंटिमीटर व्यासाचा एक ब्रेस घ्या. त्यावर सगळीकडून ५ सेंटिमीटरचा थर चढला की व्यास ५० झाला, म्हणजे पाण्यासमोरची रुंदी सव्वापट. शिवाय गुळगुळीत नळी खडबडीत झाली. एपीआय गुळगुळीत नळीसाठी ड्रॅगचा, म्हणजे वाहत्या पाण्याने नळीवर येणाऱ्या जोराचा, गुणांक ०.६५ धरतं आणि खडबडीत नळीसाठी १.०५. दोन्हींचा गुणाकार केला तर त्या ब्रेसवरचा ड्रॅग दुप्पट होतो. वादळ तेच, लाट तीच, पोलादही तेच. म्हणून थराची जाडी खोलीनुसार मोजून घ्या, 'सगळीकडे ५० मिलिमीटर' असं डोळे मिटून भरू नका.

समुद्राला विचारायचे प्रश्न

शंभर वर्षांची लाट म्हणजे शंभर वर्षांनी एकदाच येणारी लाट नव्हे. कोणत्याही वर्षी ती येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. २५ वर्षांत ती निदान एकदा येण्याची शक्यता २२ टक्के होते, आणि ४० वर्षांत ३३ टक्के. चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या सांगाड्याबद्दल 'इतकी वर्षं काही झालं नाही' असं कुणी म्हणालं तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा. दर तीन असे सांगाडे घेतले तर त्यातल्या दोघांनी आपली डिझाइन लाट अजून पाहिलेलीच नसते.

लाटांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइसच्या तरंगत्या बोयांकडून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मोजमापांतून आणि ईआरए५ सारख्या संगणकीय पुनर्विश्लेषणातून मिळते. ईआरए५ मध्ये १९४० पासूनचे तासातासाचे आकडे आहेत, पण ते आंधळेपणाने वापरू नका. पावसाळ्यातला समुद्र ते चांगला दाखवतात, चक्रीवादळाचा गाभा मात्र त्यांच्या जाळीत पुसट होतो आणि लाट खरीपेक्षा लहान दिसते. अरबी समुद्रात हा मुद्दा कळीचा आहे. इथे दोन वेगळ्या जातींच्या लाटा येतात. जून ते सप्टेंबरचा नैऋत्य मोसमी समुद्र दरवर्षी येतो, आठवडेच्या आठवडे टिकतो. चक्रीवादळ क्वचित येतं, पण काही तासांत सगळं उलथवून जातं. दोन्हींचे आकडे एकाच पिशवीत घालून सांख्यिकीची रेषा ओढली की उत्तर चुकतं. दोन्ही वेगळे ठेवा, दोन्हींची शंभर वर्षांची लाट वेगळी काढा आणि मग शक्यता एकत्र करा. वादळांसाठी जुन्या वादळांचे मार्ग आणि वाऱ्याचं मॉडेल घेऊन लाट नव्याने चालवून बघा.

हाती येतो तो आकडा बहुतेकदा एचएस असतो, म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी. आपल्या उदाहरणात शंभर वर्षांचा एचएस ८ मीटर आहे. तीन तासांच्या वादळात साधारण हजार लाटा येतात. रॅलेच्या सूत्राने त्यातली सर्वांत मोठी लाट एचएसच्या १.८६ पट निघते, म्हणजे जवळजवळ १५ मीटर. प्रत्यक्ष मोजमापांवरून फॉरिस्टॉलने १९७८ मध्ये दिलेल्या सूत्राने ती १.७ पटींच्या जवळ, म्हणजे साडेतेरा मीटर येते. आपण १५ मीटर धरून चालू. लाटेचा माथा तिच्या निम्म्या उंचीएवढाच असतो, असं मात्र कधीही समजू नका. मोठी लाट वर टोकदार आणि खाली पसरट असते. म्हणून १५ मीटरच्या लाटेचा माथा साडेसात नव्हे, ८.६ मीटर धरला आहे.

आणि सूत्रांच्या पलीकडेही समुद्र जातो. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर प्लॅटफॉर्मवर, ७० मीटर पाण्यात, खाली रोखलेल्या लेझरने २५.६ मीटर उंचीची लाट टिपली. माथा १८.५ मीटर, तेव्हाचा एचएस १२ मीटरच्या आसपास, म्हणजे लाट एचएसच्या दुपटीहून मोठी. एडिंबराच्या फ्लोवेव्ह टाकीत ही लाट पुन्हा उभी केली, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या कोनात एकमेकींना छेदणाऱ्या दोन लाटासमूहांमुळे माथा इतका वर जाऊ शकतो, हे त्यात दिसलं. चक्रीवादळात वारा फिरत असतो, जुनी स्वेल (दुरून आलेली लांब लाट) एका दिशेने आणि नव्या लाटा दुसरीकडून येतात. आपल्या समुद्रात याचा विचार करायलाच हवा.

लाटेचा जोर मोजताना

नळी लाटेच्या लांबीच्या एक-पंचमांशाहून बारीक असेल तर १९५० चं मॉरिसनचं समीकरण वापरतात. आपली लाट १२ सेकंदांची आणि सुमारे २२० मीटर लांब, पाय १.२ मीटरचा, त्यामुळे शंकाच नाही. समीकरणात दोन भाग आहेत. पहिला ड्रॅगचा : पाण्याच्या घनतेचा अर्धा भाग, गुणिले गुणांक, गुणिले व्यास, गुणिले वेगाचा वर्ग. दुसरा पाण्याच्या प्रवेगाचा. मोठ्या लाटेत बारीक नळ्यांवर ड्रॅगच भारी पडतो.

वेगाचा वर्ग, हे शब्द लक्षात ठेवा. आपल्या लाटेत पाण्याचा वेग माथ्याशी सेकंदाला सुमारे ५ मीटर, शांत पातळीशी ४ मीटर आणि तळाशी १ मीटरहून कमी. वर्ग केला की माथा आणि तळ यांत पंचवीस पटींहून जास्त फरक. शांत पातळीवर कालवं चढलेल्या १.२ मीटरच्या पायावर दर मीटरला जवळपास १ टन आडवा जोर येतो. आता त्यात सेकंदाला १ मीटरचा करंट लाटेच्याच दिशेने मिळवा. वेग ४ चा ५ झाला, जोर मात्र दीडपटीहून जास्त वाढला. लाटेचा जोर आणि करंटचा जोर वेगळे काढून बेरीज करणं ही म्हणूनच मोठी चूक ठरते. आधी वेगांची बेरीज, मग वर्ग.

इथे नियमपुस्तक काही सवलती देतं. खऱ्या समुद्रात लाटा सगळ्या एका दिशेने जात नाहीत, म्हणून चक्रीवादळात पाण्याचा वेग ०.८५ ते ०.९५ ने गुणतात. जॅकेटच्या जाळीने करंट अडतो, म्हणून तोही कमी धरतात. सवलत घ्या, पण अहवालात कुठे, किती आणि का घेतली ते लिहा.

लाटेचं मॉडेल म्हणून स्टोक्सची पाचव्या क्रमाची लाट किंवा स्ट्रीम फंक्शन घ्या. निदान आठ दिशांनी लाट सोडा आणि प्रत्येक वेळी ती सांगाड्यातून थोडी थोडी पुढे सरकवत सर्वाधिक जोराचा क्षण शोधा. ७५ मीटरच्या जॅकेटचा स्वतःचा झोका साधारण दोन-तीन सेकंदांचा असतो, लाट १२ सेकंदांची, त्यामुळे मोठ्या लाटेसाठी स्थिर हिशेब चालतो. खूप खोल पाण्यात किंवा सडपातळ सांगाड्यात मात्र गतिशील हिशेब टाळता येत नाही.

माथा डेकला लागला तर

एपीआयची सोपी पद्धत अशी : डेकच्या जितक्या दर्शनी भागावर पाणी चढेल तेवढं क्षेत्रफळ घ्या, आणि वेगाचा वर्ग व गुणांक लावा. डेक २० मीटर रुंद, पाणी फक्त १ मीटर चढलं, वेग ५ मीटर, गुणांक २. जोर निघतो सुमारे ५२ टन. आकडा फार भयंकर वाटत नाही, पण तो तळापासून साधारण ८६ मीटर उंचीवर लागतोय. पायथ्याशी पडणारी उलथवण्याची ताकद जवळपास ४५०० टन-मीटर. पाणी २ मीटर चढलं तर दुपटीहून थोडी अधिकच, आणि हा बोजा डिझाइन करताना कुणी धरलेलाच नव्हता.

मेक्सिकोच्या आखातात हे पाहायला मिळालं. २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळाने सात प्लॅटफॉर्म नष्ट केले. पुढच्या वर्षी कतरिना आणि रिटाने मिळून शंभराहून जास्त पाडले. पडलेल्यांत जुन्या, बुटक्या डेकच्या प्लॅटफॉर्मचा भरणा होता. त्यानंतर तिथले लाटांचे आकडे आणि डेकच्या उंचीचे नियम दोन्ही नव्याने लिहिले गेले.

पुशओव्हर : कुठपर्यंत ढकललं तर पडेल?

एकेक मेंबर तपासताना काही नापास होतील. घाबरू नका. चार पायांच्या जॅकेटमध्ये एक ब्रेस वाकला तर बोजा दुसरीकडे जातो. म्हणून संपूर्ण सांगाडा एकत्र तपासायचा. वजनं आहेत तशी ठेवून लाटेचा जोर पायरीपायरीने वाढवत जायचं, नळ्यांचं वाकणं, जोडांचं फाटणं, पाइलभोवतीच्या (सांगाडा तळात रोवून धरणाऱ्या खांबांभोवतीच्या) मातीचं सरकणं हे सगळं धरून, सांगाडा कोसळेपर्यंत. सॅक्स आणि युसफॉस ही सॉफ्टवेअर यासाठी वापरतात. कोसळण्याच्या वेळचा जोर भागिले शंभर वर्षांच्या लाटेचा जोर, हे गुणोत्तर म्हणजे आरएसआर (रिझर्व्ह स्ट्रेंग्थ रेशो). किती पुरेसं, ते नियमपुस्तकावर, वादळात प्लॅटफॉर्मवर माणसं असतात का यावर आणि विहिरी बंद होतात का यावर ठरतं.

आरएसआर १.६ आला की पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो. त्याचा अर्थ नीट बघा. जोर साधारण लाटेच्या उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १.६ पट जोर आणायला लाट फक्त २६ टक्के मोठी लागते. १५ मीटरऐवजी १९. आणि १९ मीटरच्या लाटेचा माथा ११ मीटरपर्यंत चढेल, भरती मिळवल्यावर तो डेकच्या आत असेल. नुसता जोर वाढवणाऱ्या पुशओव्हरला हे कळत नाही, कारण त्यात लाट १५ मीटरचीच राहते. म्हणून दुसऱ्यांदा पुशओव्हर करताना जोर नव्हे, लाटेची उंची वाढवत न्या. नॉर्वेचे नियम दहा हजार वर्षांच्या लाटेपर्यंत तपासायला लावतात, ते याच कारणाने. माझ्या मते भारतीय पाण्यातल्या, माणसांच्या वस्तीच्या प्रत्येक प्लॅटफॉर्मला ही कसोटी लावावी.

पाइलकडे शेवटी बघू असं ठरवू नका. मुंबई हायच्या तळाशी शिंपल्यांच्या चुऱ्याची चुनखडीयुक्त वाळू आढळते. ती दाबाखाली चुरडते, आणि साध्या वाळूच्या सूत्राने काढलेलं पाइलचं घर्षण फार आशावादी निघतं.

छोट्या लाटांचं काम

मोठी लाट बऱ्याचदा तेच तोडते, जे लहान लाटांनी वर्षानुवर्षं कापत आणलेलं असतं. २७ मार्च १९८० रोजी एकोफिस्क क्षेत्रातलं अलेक्झांडर एल. कीलॅन्ड हे तरंगतं निवासस्थान उलटलं. त्यावरच्या २१२ पैकी १२३ जण गेले. समुद्र खवळलेला होता, लाटा ६ ते ८ मीटरच्या, पण शतकातली लाट नव्हती. एका ब्रेसवर हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) बसवायला एक छोटा आधार वेल्ड केला होता, तो वेल्ड ६ मिलिमीटरचा. भेग तिथून सुरू झाली, ब्रेसभोवती फिरत गेली, ब्रेस तुटला, मग बाकीचे तुटले आणि एक पायच निसटला. त्या सांगाड्यात बोजा घ्यायला दुसरी वाट नव्हती. म्हणून थकव्याच्या (फटीग, म्हणजे वारंवार येणाऱ्या बोजाने भेगा पडण्याच्या) तपासणीत मुख्य जोडांबरोबर नंतर लावलेल्या प्रत्येक कंसाची, हुकाची, पाइप-आधाराची यादी करा. इथे लहान, ३ ते ६ सेकंदांच्या लाटा महत्त्वाच्या, कारण त्या सांगाड्याच्या झोक्याच्या जवळ असतात आणि करोडोंच्या संख्येने येतात.

आणखी एक बोजा हिशेबात धरा : सुटलेलं जहाज. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ या निवासी बार्जचे नांगर तुटले, ती वाहत जाऊन एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळली आणि बुडाली. बार्जवरच्या २६१ पैकी सत्तरहून जास्त जण परत आले नाहीत. लाटेची तपासणी करताना आजूबाजूला नांगरलेल्या प्रत्येक बार्जचा वाहण्याचा मार्ग नकाशावर काढा, आणि ती आदळल्यावर एक ब्रेस गेलेला धरून सांगाडा पुन्हा शंभर वर्षांच्या लाटेखाली तपासा.

नापास झाला तर

नापास म्हणजे लगेच तोडा असं नाही. आधी बोजा कमी करा. वरच्या ३० मीटरमधली कालवं खरवडून काढा. बंद पडलेले कंडक्टर (विहिरींभोवतीच्या नळ्या), राइजर (तेल-वायूचे उभे पाइप), जुने बोट-लँडिंग कापून काढा, कारण पाण्याला अडणारी प्रत्येक नळी जोर ओढते. डेकच्या खालच्या पातळीवरची यंत्रं वर हलवा आणि जमेल तिथे पत्र्याऐवजी जाळीची फरशी टाका, म्हणजे पाणी आरपार जाईल. मग ताकद वाढवा : पोच पडलेल्या ब्रेसमध्ये ग्राउट (पातळ सिमेंट) भरा, भेगाळलेल्या जोडावर क्लॅम्प बसवा. याने भागलं नाही तर डेक उचलण्याचा खर्च काढा.

यातलं काहीही पावसाळ्याआधी होणार नसेल तर माणसं उतरवा. कोणत्या एचएसच्या अंदाजाला, वादळ किती तासांवर असताना, कुणी आदेश द्यायचा आणि हेलिकॉप्टर उडणं बंद होण्याआधी किती फेऱ्या लागतील, हे आकड्यांत लिहून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावा. आदेश देणाऱ्याच्या नावाखाली तो रजेवर असताना कोण, तेही लिहा.